उसना दम

भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांना मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडे मंडई म्हणजे गावची जत्रा. बांध्यांतले धान कापणीला आलेले असते, लेकी-जावई पाहुणे म्हणून आलेले असतात, दिवसा दंडार आणि रात्री पहाटेपर्यंत नाटक. पुढे मळणी उरकली आणि थंडी चढली की शंकरपटाचा हंगाम. हलकीशी छकडी, तिला जुंपलेली दोन उमदी बैले, वर उकिडवा बसलेला एक धुरकरी, आणि दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. झेंडी पडली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जोडी समोरून निघून जाते. मागे राहते ती धूळ आणि हजार घशांतून निघालेली आरोळी.

माझी धाकटी बहीण वडसा-देसाईगंजच्या बाजूला एका खेड्यात दिली आहे. तिच्याकडे गेलो असता असाच एक पट पाहण्याचा योग आला. शेजारी एक पागोटेवाले म्हातारबा बसले होते. एक जोडी वाऱ्यासारखी गेली तेव्हा मी टाळ्या पिटल्या. म्हातारबांनी मात्र ओठ मुडपले आणि म्हणाले, "आपल्या दमानं नाही धावली जी ते. उसना दम आहे तिले."

मी विचारले, उसना म्हणजे? तेव्हा त्यांनी जुन्या काळच्या गोष्टी सांगितल्या. मोहाची पहिल्या धारेची पाजून बैल कसे सोडीत, आणि पटावर पहिली आलेली एक जोडी घरी पोचताच अंगणात कशी बसली ती बसलीच. ते सांगताना म्हातारबांच्या डोळ्यांत पाणी आले. ती जोडी त्यांच्या वडिलांची होती.

बैलांच्या या शर्यती मध्यंतरी बंद होत्या, हे वाचकांना ठाऊक असेलच. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली. २०१७ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने अटींवर मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यावर कायमची मोहोर उठवली. त्या अटींत बैलांची पशुवैद्याकडून तपासणी आहे, आणि त्यांना मादक किंवा उत्तेजक पदार्थ देण्यास मनाई आहे. माझा भाचा माझ्या पलीकडे बसला होता. तो बैलांकडे पाहत पाहत सहज बोलून गेला, "मामाजी, बैलाईची तपासनी होते, मंग आमची काहून नाही होत?"

त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नाही. कळला तो दोन दिवसांनी. पण ते पुढे सांगतो.

आधी एक गंमत ऐका. उत्तेजकांची तपासणी जगात प्रथम सुरू झाली ती माणसांसाठी नव्हे, जनावरांसाठीच! घोड्यांच्या शर्यतीत पैसा लागतो. तेव्हा घोड्याला कोणी काही चारले आहे काय, हे पाहण्याची निकड आधी भासली. १९१० च्या सुमारास ऑस्ट्रियात घोड्याच्या लाळेत औषधाचा अंश शोधण्याची रीत निघाली. माणसांनी उत्तेजके घेऊ नयेत असा नियम मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेने १९२८ साली केला खरा; पण तो कागदावर. ऑलिंपिकमध्ये माणसाची तपासणी व्हायला १९६८ साल उजाडावे लागले.

तोवर काय चालले होते, याचा नमुना १९०४ च्या सेंट लुइसच्या ऑलिंपिकमध्ये सापडतो. मॅरेथॉनमध्ये प्रथम जो पोचला त्याने वाटेतले बरेचसे अंतर चक्क मोटारीत बसून काटले होते! तो बाद झाला आणि सुवर्णपदक मिळाले टॉमस हिक्स याला. हा हिक्स उन्हाने अर्धमेला झाला होता. त्याच्या मदतनिसांनी त्याला वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन दिले, वर ब्रँडी पाजली. शेवटी शेवटी तो धावत नव्हता, त्याला धरून चालवीत होते. हे स्ट्रिक्नीन म्हणजे काय, तर आपल्याकडच्या कुचल्याचे विष. कोकणात ज्याला काजरा म्हणतात तेच झाड. आपले वैद्य कुचला शुद्ध केल्याविना वापरीत नाहीत, आणि वापरला तरी हात राखून. सेंट लुइसच्या त्या मदतनिसांजवळ वैद्यकीचा असा संयम नव्हता. आणखी थोडी मात्रा वाढती तर हिक्स पदकाऐवजी पेटीतून घरी जाता. आणि हे सारे उघड उघड झाले! त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

वावगे वाटू लागले ते माणसे मरू लागल्यावर. १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीत टॉम सिम्प्सन नावाचा इंग्रज गडी माँ व्हाँतू नावाचा उघडाबोडका डोंगर चढत होता. ऊन मी म्हणत होते. तो एकदा कोसळला. लोकांनी उठवून पुन्हा सायकलवर बसवला. थोडे अंतर जाऊन पुन्हा पडला तो कायमचा. त्याच्या शरीरात अॅम्फेटामीन आणि मद्य सापडले. सिम्प्सन काही लेचापेचा नव्हता, दोन वर्षांपूर्वीचा जगज्जेता होता. पण या औषधाची खुबीच अशी, की ते दम वाढवीत नाही. दमल्याची जाणीव तेवढी मारते. विहिरीला पाणी तेवढेच, फक्त तळ दिसेनासा होतो.

१९६८ साली मेक्सिकोत तपासणी सुरू झाली आणि पहिला चोर सापडला तो एक स्वीडिश पेंटॅथलॉन-खेळाडू. त्याने काय घेतले होते? पिस्तूल धरताना हात कापू नये म्हणून थोडी बिअर! त्याच्यापायी त्याच्या संघाचे कांस्यपदक गेले. त्यानंतरच्या कथा मात्र इतक्या निरुपद्रवी नाहीत. पूर्व जर्मनीने सरकारी योजना आखून कोवळ्या मुलींना पुरुषी संप्रेरकांच्या निळ्या गोळ्या 'जीवनसत्त्वे' म्हणून चारल्या; गोळा फेकणारी हायडी क्रीगर १९८६ साली युरोपची विजेती झाली, आणि पुढे शस्त्रक्रिया करवून घेऊन आंद्रेआस या नावाने पुरुष म्हणून जगू लागली. गोळ्या काय आहेत हे त्या मुलींनाही ठाऊक नव्हते, त्यांच्या आईबापांनाही नव्हते. बेन जॉन्सनने १९८८ साली सोलला शंभर मीटर ९.७९ सेकंदांत काटले आणि तीन दिवसांत पदक परत केले. लान्स आर्मस्ट्राँगची तर फ्रान्सच्या शर्यतीतली सातही विजेतेपदे २०१२ साली पुसली गेली. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे औषध घेतले होते. अमेरिकेत बेसबॉलच्या धंदेवाईक खेळाडूंवर २००७ साली चौकशीचा जाडजूड अहवालच निघाला. जेथे पैसा आणि टाळी आहे तेथे सुई पोचली, मग खेळ कोणताही असो.

क्रिकेट तरी कोठे सुटले आहे? शेन वॉर्न २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर सापडला आणि वर्षभर घरी बसला. त्याने सांगितले, बारीक दिसावे म्हणून आईने ती गोळी दिली! लघवी वाढवणारी गोळी होती ती. अशा गोळ्यांनी दुसऱ्या औषधाचा मागमूस धुऊन निघतो, म्हणून त्याही वर्ज्य. आपल्या मुंबईच्या पृथ्वी शॉची कथा तर घरोघरच्या आयांनी वाचण्याजोगी आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत इंदूरला त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटलीन निघाले. हे औषध खोकल्याच्या बाटल्यांत सर्रास असते. मुलाने आपण खोकल्याचे औषध घेतल्याचे सांगितले, मंडळाने ते मानले, तरीही आठ महिन्यांची बंदी बसलीच. त्याच सुमारास विदर्भाच्या अक्षय दुल्लरवारवरही तेवढ्याच मुदतीची बंदी जाहीर झाली. कायदा असा की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी ज्याचे शरीर त्याची. ते कोणी दिले, का दिले, हा प्रश्न नंतरचा.

या कायद्याची सर्वांत कडू गोळी गिळली ती नरसिंग यादवने. ओळीने तीन वर्षे, २०११ ते २०१३, महाराष्ट्र केसरीची गदा उचलणारा हा गडी रिओच्या ऑलिंपिकला निघाला असता, २०१६ च्या जूनमध्ये घेतलेल्या नमुन्यात मेथांडिनोन नावाचे स्टेरॉइड सापडले. आपल्या अन्नात कोणीतरी कालवले, असे त्याचे म्हणणे. भारतातल्या समितीने ते मानून त्याला १ ऑगस्टला मोकळे केले. तो रिओला पोचला. आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, क्रीडा लवादाने निकाल फिरवून चार वर्षांची बंदी घातली. कोणी कालवले की नाही, याविषयी आजही कुस्तीच्या आखाड्यांत दोन पक्ष आहेत. मी त्यात पडत नाही. पण तालमीत खुराक रांधणाऱ्याचा हात कोणाचा, हे पाहणे आता वस्तादांचे काम होऊन बसले आहे, एवढे खरे.

आपल्या देशात २००५ साली स्थापन झालेली 'नाडा' ही संस्था हे काम करते. २०२२ साली तिच्यासाठी कायदाही झाला. २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांतले २१३ दोषी निघाले. शंभरात जवळजवळ चार! मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण फारच वरचे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे पथक आल्याची वार्ता पसरताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच खेळाडू उभा राहिला. बाकीचे पसार! एक मुलगी शर्यत संपल्यावरही धावतच राहिली, थांबली तर नमुना द्यावा लागेल म्हणून. मैदानाच्या शौचालयात सुया सापडल्या. वाचून हसू येते. पण त्या हसण्याला बूड नाही.

असो. आता माझ्या भाच्याकडे वळतो.

मुलगा पदवीधर आहे. तीन एकर धानाची शेती, त्यात पाऊस लहरी. गडचिरोली जिल्ह्यात गिरण्या-कारखाने ते किती! तेव्हा इकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढे एकच दिवा असतो, पोलिस शिपायाची भरती. पहाटे चारला उठून ही मुले डांबरी सडकेवर धावतात. एकट्याने कोणी धावत नाही, वाघाचे भय. २०२२ च्या ऑक्टोबरात याच वडसा भागात जो वाघ पकडला त्याच्या नावावर तेरा माणसांचे बळी होते. म्हणून आठ-दहा जण हाती विजेरी घेऊन टोळीने निघतात. धान पिकवणाऱ्या आईबापांची ही पोरे. त्यांच्या छातीत दम नाही असे कोण म्हणेल? याच मुलखातल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टचे टोक गाठले आहे.

भरतीचे गणित मी त्याच्याकडूनच शिकलो. मैदानी परीक्षा पन्नास गुणांची. सोळाशे मीटर धावणे वीस गुणांचे, शंभर मीटर पंधरा आणि गोळाफेक पंधरा. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत काटले तर पुरते वीस. अकरावा सेकंद उलटला की अठरा. साडेपाच मिनिटे उलटली की सोळा. एका सेकंदात दोन गुण जातात, आणि दोन गुणांच्या आत शेकडो पोरे उभी असतात.

पटाच्या दुसऱ्या दिवशी बहिणीने मला मागच्या पडवीत बोलावले. तिच्या हातात रबरी बुचाची एक लहानशी काचेची बाटली होती. भाच्याच्या पिशवीत धुणे काढताना मिळालेली.

"दादा, हे ताकदीचं औषध म्हनते. येथे डाक्टरले इचारू त गावात बोभाटा होईल. तुमी शहरात दाखवून पाहाल काय?"

मी बाटली खिशात घातली आणि तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि बाटली टेबलावर ठेवून दिली. मेफेंटरमीन. बाळंतिणीचे पोट उघडून मूल काढतात तेव्हा कमरेत भूल देतात. त्या भुलेने रक्तदाब झरकन उतरतो. तो वर आणण्यासाठी भूल देणारे डॉक्टर हे औषध शिरेतून देतात, नाडीवर हात ठेवून, समोर यंत्र ठेवून. म्हणजे खाटेवर निपचित पडलेल्या रोग्यासाठी असलेली ही वस्तू, छाती भात्यासारखी चालणाऱ्या पोराने धावण्यापूर्वी दंडात टोचायची! अॅम्फेटामीनच्याच कुळातले आहे हे. डॉक्टर म्हणाले, "हृदयाची लय बिघडते. रक्तदाब भडकतो. काहींना भास होऊ लागतात, काहींना सुटतच नाही. माझ्याकडे व्यायामशाळेतला एक मुलगा आला होता. त्याला रोज संध्याकाळी ते लागत होते."

हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकणे गुन्हा आहे. तरी व्यायामशाळांना ते पुरवणाऱ्यांवर राज्यात ठिकठिकाणी छापे पडले आहेत. भरतीच्या मैदानांबाहेर सुया आणि बाटल्या सापडल्याच्या बातम्याही अलीकडे वृत्तपत्रांतून येऊन गेल्या. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बायाबापड्यांनी मोर्चे काढून ती मिळवली आणि टिकवली. पण मोहाच्या हातभट्टीचा वास येतो, भांडे सापडते. ही बाटली चोळीत मावते आणि वास येत नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी भाच्याला अंगणात घेऊन बसलो. बाटली मधे ठेवली. रागावायचे ठरवून गेलो होतो. सिम्प्सनची गोष्ट सांगितली, कुचल्याची सांगितली. तो मुकाट्याने ऐकत राहिला आणि मग म्हणाला,

"मामाजी, हे सारं मले माहीत आहे. मोबाइलवर वाचलं मी. पन खोलीतले सारेच घेऊन रायले. मी पाच सतराच्या खाली येत नाही. ते पाच आठ. कोनी पाहत नाही, कोनी तपासत नाही. मी नाही घेतलं त मी मांगं राहीन, आनि त्याईनं घेतलं म्हनून कोनी मले दोन गुन वापस देनार नाही."

यावर काय बोलावे? खेळाडूच्या मागे नाडा आहे, नमुन्याच्या दोन बाटल्या आहेत, लवाद आहे. भरती म्हणजे क्रीडास्पर्धा नव्हे. नाडाला तेथे येण्याचे कारणच नाही. खेळाडू हरला तर पदक जाते, या पोराचे आयुष्याचे अन्न जाते. आणि आपल्या शहरी घरांत बसून आपण जे म्हणतो, "खेळभावना हवी," ते मला तोंडातून काढवेना. शिवाय एक कबुली द्यायला हवी. गेल्या दिवाळीला मीच त्याला पत्रात लिहिले होते, 'यंदा काहीही करून काम फत्ते कर.' काहीही करून! हे दोन शब्द आपण पोरांना किती सहज लिहितो.

मी एवढेच म्हणालो की तुझ्या आईला ही बाटली काय आहे ते तूच सांग. मी सांगणार नाही. तो बराच वेळ बसून राहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेला. आत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. थोड्या वेळाने बहीण बाहेर आली, बाटली उचलली आणि परसातल्या उकिरड्यावर रिकामी केली. सूड घ्यावा तशी काच दगडाने ठेचली आणि खड्डा करून पुरली. मग हात धुऊन माझ्यासाठी अंथरूण घातले. त्या विषयावर ती माझ्याशी एक अक्षरही बोलली नाही.

भरती झाली. तो पाच मिनिटे सोळा सेकंदांत आला, अठरा गुण. गोळा चांगला गेला, लेखी परीक्षाही बरी गेली. यादी लागली तेव्हा त्याचे नाव तीत नव्हते. त्याच्या खोलीतल्या दोघांची होती. त्यांनी बाटली घेतली होती की नाही, हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. एक जण तर इतका हाडाचा धावणारा होता की त्याला कशाची गरज पडली असेल असे वाटत नाही. संशयाचे हेच वाईट. तो खऱ्या दमाच्या पोरालाही चिकटतो.

परवा बहिणीला दूरध्वनी केला. मंडईला येता काय, म्हणून विचारीत होती. नाटक चांगले आणले आहे म्हणे. मी भाच्याची चौकशी केली.

"पहाटं धावतेच," ती म्हणाली. "आता पाच तेरावर आला."

"घड्याळ कोण धरतं?"

"मीच धरतो जी. सडकेवर उभी रायतो, एका हाती विजेरी, एका हाती मोबाइल. बाकीच्या पोराईचंही मीच लावून देतो."